हेलात राहणारा प्रांत

१९६०च्या दशकात थायलंडमध्ये एक विनोदी गाणं घराघरांत पोचलं. त्यात ली नावाचा एक गावमुखिया आहे. बुद्ध संवत २५०४, म्हणजे आपल्या हिशेबाने १९६१ साल. ली ढोल बडवून गाव गोळा करतो आणि वरून आलेला हुकूम ऐकवतो, की शेतकऱ्यांनी आता बदकं आणि ‘सुकोन’ पाळायचे आहेत. मान लटलटणारा एक म्हातारा विचारतो, सुकोन म्हणजे काय? लीला तरी कुठे ठाऊक असतं. पण मुखियाला अडून चालत नाही. तो उभा राहून ठोकून देतो, सुकोन म्हणजे आपलं साधं कुत्र्याचं पिल्लू. मराठी वाचकाला यातली गंमत थाई न शिकताही कळेल, कारण सुकोन म्हणजे आपला सूकर. रोजच्या थाईत डुकराला ‘मू’ म्हणतात आणि ते पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण सरकारी हुकमात मू लिहिणं हलकं वाटतं. तिथे पाली-संस्कृतातला भारदस्त शब्द लागतो, आणि कागद गावात पोचेपर्यंत डुकराचं कुत्रं होतं. १९६१ हे थायलंडच्या पहिल्या राष्ट्रीय आर्थिक विकास योजनेचं वर्ष, हे लक्षात घेतलं की थट्टेला आणखी धार चढते. गाणं लिहिलं होतं फिफात बोरिबुन यांनी आणि गायलं होतं त्यांच्या पत्नीने, साकसी सी-आकसोन हिने. ती उबोन राचाथानीची, देशाच्या ईशान्य कोपऱ्यातली.

या कोपऱ्याला थाई लोक ‘ईसान’ म्हणतात. हाही शब्द आपल्या ओळखीचा, ईशान दिशेवरून आलेला. उबोन राचाथानी म्हणजे उत्पलांची, कमळांची राजधानी. त्याच भागातल्या नाखोन राचासीमात नगर आणि राजसीमा दोन्ही लपलेले आहेत. नकाशावर असं जागोजागी संस्कृत येऊन बसलं आहे, पण तिथल्या बहुतेकांच्या घरात बोलली जाते लाओ. वीस प्रांत, देशाच्या लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा, आणि मेकाँग नदीपलीकडच्या लाओस देशात आहेत त्याहून कितीतरी जास्त लाओ बोलणारे. तरीही ‘लाओ’ हे नाव या प्रदेशाला आज अधिकृतपणे लावलं जात नाही, आणि बँकॉकमध्ये कुणाला लाओ म्हणणं म्हणजे गावंढळ म्हणून हिणवणं, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. थायलंडच्या ग्रामीण गाण्यातली प्रादेशिक ओळख समजून घ्यायची तर या फटीकडे पाहायला हवं. एका बाजूला सरकारने दिलेलं नाव, दुसऱ्या बाजूला तोंडातली भाषा, आणि मधल्या जागेत गाणं.

या गाण्याला ‘लूक थुंग’ म्हणतात. लूक म्हणजे मूल, थुंग म्हणजे शेतमाळ, शेतमाळाचं लेकरू. त्याच्या उलट ‘लूक क्रुंग’, म्हणजे शहराचं लेकरू, हे रेडिओवरचं सफाईदार, वाद्यवृंदाच्या साथीचं भावगीत. शब्दांची ही जोडी इतकी घट्ट बसली आहे, की शेतमाळाची गाणी म्हणजे शेतमाळावर जन्मलेली गाणी असं वाटून जातं. प्रत्यक्षात लूक थुंग हे नाव रूढ झालं १९६४मध्ये, बँकॉकच्या चार नंबरच्या दूरचित्रवाणी वाहिनीवर चामनोंग रांगसिकुन यांनी सुरू केलेल्या एका कार्यक्रमामुळे. त्याआधी याच गाण्यांना लोक ‘बाजारगाणी’ म्हणत. या प्रकारातलं पहिलं म्हणून जे गाणं दाखवतात, तेही १९३८ सालच्या एका रेडिओ नाटकातलं. त्यात मळ्यातल्या मुलीचं कौतुक आहे, पण ते कौतुक माइकसमोर उभं राहून केलेलं. पुढे त्यात लॅटिन अमेरिकेतला माम्बो आला, हॉलिवूडच्या काऊबॉयपटांतलं गाणं आलं, हिंदी चित्रपटांच्या चालींचे धागे आले. तेव्हा गावाने शहराला दिलेली ही भेट नाही. माझं म्हणणं आणखी एक पाऊल पुढचं आहे. लूक थुंगमध्ये ऐकू येणारा प्रांत गावात तयार होऊन शहरात आलेला नाही, तो बँकॉकच्या वाटेवर घडला. आणि तो गाण्याच्या विषयापेक्षा गाण्याच्या हेलात जास्त राहतो. ज्यांच्या प्रदेशाचं नाव आणि लिपी राज्यसत्तेने काढून घेतली, त्यांच्यापाशी उच्चार तेवढा उरला होता.

हेल म्हणजे वरून शिंपडलेला मसाला, असं कुणी म्हणेल. मराठीत ते काही अंशी खरं आहे. मालवणी माणसाने नागपुरी गाणं आपल्या ढंगात म्हटलं तरी चाल तीच राहते. थाई आणि लाओ मात्र स्वरभेदी भाषा आहेत. ‘खाव’ हे एकच अक्षर आवाज वरून खाली सोडून म्हटलं तर भात, खालून वर चढवलं तर पांढरा, आणि खालीच सपाट ठेवलं तर बातमी. प्रमाण थाईत असे पाच स्वर आहेत. ईसानच्या बोलींत बहुधा सहा, आणि त्यांची चढउतार वेगळी. आता अशा भाषेत चाल बांधायची म्हणजे प्रत्येक शब्दाच्या अंगच्या सुराला सांभाळून बांधावी लागते, नाहीतर भाताची बातमी व्हायला वेळ लागत नाही. ईसानमधल्या ‘मॉ लम’ या गायनप्रकारात तर चाल आधी ठरलेलीच नसते. मॉ म्हणजे जाणकार (वैद्यालाही मॉच म्हणतात) आणि लम म्हणजे गाणं. एक पुरुष आणि एक स्त्री, साथीला खॅन हे बांबूच्या सोळा नळ्यांचं तोंडाने वाजवायचं वाद्य, आणि रात्रभर सवालजवाब. गायक ओळ उच्चारतो तेव्हा तिच्यातल्या शब्दांचे स्वरच चालीचं रूप ठरवतात. म्हणजे बोली बदलली की सूर बदलला. म्हणूनच ईसानी उच्चार लूक थुंगमध्ये शिरतो तेव्हा चालीचा सांगाडा हलतो, आणि ज्याला लाओचा एक शब्द येत नाही अशा बँकॉककरालाही ‘हे तिकडचं’ हे पहिल्या दोन ओळींत कळतं.

हा आवाज राजधानीला नवा नव्हता, आणि तो तिला नेहमीच खुपत आला होता. १८६५मध्ये राजा मोंगकुट याने एक फर्मान काढलं. लोक थाई करमणुकीचे जुने प्रकार सोडून जिकडेतिकडे लाओ खॅन वाजवत सुटले आहेत, आणि जिथे खॅन वाजते तिथे पाऊस नीट पडत नाही, अशी त्यातली तक्रार होती. खॅनवर बंदी आली. गंमत अशी, की राजाचा सख्खा धाकटा भाऊ आणि उपराजा पिंक्लाओ हाच खॅनचा मोठा शौकीन होता. पुढे १९००च्या आसपास बँकॉकने प्रांतरचना बदलताना ईशान्येकडच्या कारभारी विभागाच्या नावातून ‘लाओ’ काढलं आणि दिशादर्शक ‘ईसान’ घातलं. लगेच १९०१-०२मध्ये तिथे ‘पुण्यवंतांचं’ बंड झालं. जग उलटणार आहे ही त्याची भाकितं गावोगाव नेण्यात मॉ लम गायकांचा हात होता. १९२१च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने शाळेची भाषा मध्य थाई ठरली, आणि पोथ्यांमधली जुनी ताय नोय लिपी हळूहळू वाचणाराच उरला नाही. १९३९मध्ये पंतप्रधान फिबुन यांच्या सरकारने देशाचं नाव सयामचं थायलंड केलं, आणि त्याच वर्षीच्या एका आदेशाने उत्तरेकडचे थाई, दक्षिणेकडचे थाई, इस्लामी थाई असे भेद बोलण्यातूनही हद्दपार केले. सगळे फक्त थाई. ‘लाओ’ला तर या यादीत जागाच नव्हती. पण कोणत्याही आदेशाला माणसाच्या जिभेवर पहारा बसवता येत नाही. ‘र’च्या जागी ‘ह’ म्हणणारी जीभ शाळेतून बाहेर पडली की पुन्हा ‘ह’च म्हणते.

असं असताना लूक थुंगमधला पहिला ठळक प्रादेशिक हेल ईसानचा नव्हता, ही या कथेतली सगळ्यांत बोलकी गोष्ट आहे. तो होता सुफान बुरीचा, बँकॉकपासून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या सुवर्णपुरीचा. या एका प्रांताने लूक थुंगला सुराफोन सोम्बाचरेन दिला, वायफोत फेतसुफान दिला, सायान सान्या दिला. चायनातमध्ये जन्मलेली फुम्फुआंग दुआंगचान वाढली ती इथेच. सुफानचा माणूस मध्य थाईच बोलतो, पण स्वर असे वळवतो की बँकॉकला तो हटकून खेडवळ वाटतो. शहराच्या इतक्या जवळ असूनही वेगळा ऐकू येणारा हा आवाज सुरुवातीच्या बाजाराला नेमका सोयीचा होता; शब्द सगळ्यांना कळतात आणि गावही ऐकू येतं. गायकांच्या नावांकडे पाहिलं तरी हे दिसतं. फेतसुफान म्हणजे सुफानचा हिरा, खवानचित सीप्राचान हिच्या नावात सुफानमधला तालुका, चाय मुआंगसिंग याच्या नावात सिंग बुरी. आपल्याकडे आडनाव गावावरून पडतं ते वंशाने. इथे माणूस शहरात आल्यावर, रेकॉर्ड काढताना, गाव नावात घेतो. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लावण्याची गरज नसते.

सुराफोनला लूक थुंगचा राजा म्हणतात. हवाई दलात नोकरी केलेला हा माणूस १९६८च्या ऑगस्टमध्ये नाखोन पाथोम प्रांतात कार्यक्रम संपवून निघताना गोळ्या घालून मारला गेला, तेव्हा चाळिशीलाही पोचला नव्हता. त्याच्या अगदी सुरुवातीच्या, १९५०च्या दशकातल्या गाजलेल्या गाण्याचं नाव आहे ‘नाम ता लाओ वियांग’, म्हणजे वियांगच्या लाओंचे अश्रू. वियांग म्हणजे व्हिएन्तियान, आजच्या लाओसची राजधानी. १८२७-२८च्या युद्धात सयामी सैन्याने ते शहर उद्ध्वस्त केलं आणि तिथली माणसं हजारोंनी धरून मध्य थायलंडच्या मैदानांत आणून वसवली. त्यांचे वंशज आजही लाओ वियांग म्हणवतात. ज्या प्रकाराला आपण मध्य थायलंडचं ग्रामीण गाणं समजतो, त्याच्या राजाच्या आरंभीच एक विस्थापित लाओ उभा आहे. यावरून सुराफोनच्या मनात काही राजकीय होतं असा अर्थ मी काढणार नाही. प्रेमगीताला एक करुण पात्र हवं होतं, ते त्याने घेतलं. पण कोणतं पात्र करुण वाटेल आणि ते कोणत्या नावाने ओळखू येईल, हे ऐकणाऱ्यांच्या आठवणीतून ठरत असतं.

ईसान स्वतःच्या आवाजात आला तो रस्त्याने. १९५८मध्ये अमेरिकेच्या मदतीने बांधलेला मित्राफाप, म्हणजे मैत्री महामार्ग, साराबुरीपासून नाखोन राचासीमापर्यंत खुला झाला, आणि पुढच्या वर्षांत उदोन, उबोन, नाखोन राचासीमा इथल्या विमानतळांवर व्हिएतनाम युद्धाची अमेरिकी विमानं आली. ईसानची जमीन वाळूमिश्रित, पाऊस लहरी, आणि भाताचं बहुधा एकच पीक. कापणी झाली की तरुण बसमध्ये बसून बँकॉकला जात. बांधकामावर, टॅक्सीवर, घरकामाला, पुढे कारखान्यांत. ट्रान्झिस्टर आणि मग कॅसेट त्यांच्यासोबत गेले. १९७२मध्ये आंगखनांग खुनचाय हिने ‘बुआ लाम फू’ या चित्रपटासाठी ‘ईसान लम फ्लन’ गायलं, सुरिन फाकसिरी यांनी लिहिलेलं. मॉ लमची लय आणि लूक थुंगचा वाद्यमेळ एकत्र आणणारं हे पहिलं मोठं गाणं मानलं जातं. मॉ लमची सुरुवात ज्या लांब, तालाबाहेरच्या हाकेने होते, ती हाक आता बँकॉकच्या चित्रपटगृहात आणि बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत एकाच वेळी ऐकू येऊ लागली. खोलीतल्या माणसाला ती घर सोडल्यावरच इतकी गोड लागली असणार. गावात ती दर जत्रेला कानावर पडतच होती.

इथे एक शब्दजोडी जवळून पाहण्यासारखी आहे. थाईत प्रेम म्हणजे ‘राक’, ईसानमध्ये ‘हाक’. थाईत आठवण येणं म्हणजे ‘खित थुंग’, ईसानमध्ये ‘खित होत’. थाई प्रेयसी प्रियकराला ‘फी’ म्हणते, म्हणजे दादा. ईसानी मुलगी ‘आय’ म्हणते, अर्थ तोच. (प्रियकराला दादा म्हणण्याची ही रीत मराठी कानाला चमत्कारिक वाटेल; तिकडे ती लाडाची आहे.) गीतकारांनी हे शब्द कसे वापरले ते पाहण्यासारखं आहे. पुष्कळ गाण्यांत गोष्ट सांगणाऱ्या ओळी मध्य थाईत असतात. नोकरी, मालक, बस, पगार हे सगळं राजधानीच्या भाषेत. आणि जीव कासावीस होण्याची जागा आली की ‘खित होत’ येतो, ‘आय’ येतो, नाही म्हणायला ‘माय’ऐवजी ‘बो’ येतो. एकाच गाण्यात माणूस दिवसा जी भाषा बोलतो ती आणि रात्री ज्या भाषेत आठवण काढतो ती, अशा दोन्ही असतात. ही कामाची विभागणी कुणी नियम करून ठरवलेली नाही, पण स्थलांतरिताचं आयुष्य इतक्या नेमकेपणाने त्यात उतरलं आहे की तिला योगायोग म्हणवत नाही. हीच वाट पुढे आखातापर्यंत गेली. १९७० आणि ८०च्या दशकांत ईसानचे पुरुष मोठ्या संख्येने सौदी अरेबियात मजुरीला गेले, आणि फिम्फा फोनसिरी हिचं ‘सौदीवाल्याच्या बायकोचे अश्रू’ अशा अर्थाच्या नावाचं गाणं गाजलं. रत्नागिरीच्या खेड्यांत ज्या घरातला माणूस दुबईत किंवा कुवेतमध्ये आहे, त्या घरी हे नाव समजावून सांगावं लागणार नाही.

माझ्या या मांडणीवरचा पहिला आक्षेप सरळ आहे. हे सगळं बँकॉकच्या कंपन्यांनी बनवलेलं आणि विकलेलं आहे. तिथल्या बड्या कंपन्यांनी ईसानच्या हळवेपणाचा धंदा मांडला, मग त्याला प्रांताची ओळख कसं म्हणायचं? धंदा आहे, हे खरंच. पण विकलं काय जातं ते पाहा. २००२मध्ये उबोनच्या ताय ओराथाय हिचं पहिलं गाणं आलं, ‘दोक या नाय पा पून’, सिमेंटच्या रानातलं गवतफूल. लिहिलं साला खुनावुत यांनी. ते आम्नात चारेन प्रांतातले, मुळात शाळामास्तर, पुढे राष्ट्रीय कलाकार ठरलेले. गाण्यातली मुलगी जुनी जीन्स घालून, १९९ बाथचा शर्ट अंगात, एकच पिशवी उराशी धरून आईबापांच्या पाया पडून निघते. शिक्षण बारावीपर्यंतचं, बाकी नशीब. हा १९९ बाथचा शर्ट कुठल्याही कंपनीच्या बैठकीत सुचणार नाही. तो फुटपाथवरच्या दुकानात खरेदी केलेल्या माणसालाच ठाऊक असतो, आणि किंमत ऐकताच ऐकणारीला कळतं की लिहिणारा आपल्यातला आहे. विशेष म्हणजे हे गाणं जवळजवळ सगळं मध्य थाईत आहे, तरी ते ईसानचं म्हणूनच ऐकलं जातं, कारण गाणारीच्या आवाजात ती खोल लपेट आहे. कंपनीने आवाज विकला, पण तो आवाज आणायला तिला ईसानमध्येच जावं लागलं.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ही ओळख म्हणजे बँकॉकला हवं तसं काढलेलं व्यंगचित्र नाही का? भोळी मोलकरीण, काळासावळा मजूर, आंबवलेल्या माशाचा वास, आणि ढोल वाजवून हसू करून घेणारा मुखिया ली. टीव्हीच्या मालिकांतल्या नोकरांना ईसानी हेल द्यायची सवय बँकॉकला जुनीच आहे, आणि काही गाणी त्याच बाजाराला शिजवून वाढतात. याला माझं उत्तर अर्धंच आहे. व्यंगचित्र आहे, पण त्याची पेन्सिल दोघांच्या हातात आहे. मुखिया लीच्या गाण्यात शहर गावाला हसलं, यात शंका नाही. तरी ‘सूकर’ या शब्दाचं ओझं गावावर लादणाऱ्या कागदाला गाव हसलं, हेही तितकंच खरं. ‘प्ला रा’ या आंबवलेल्या माशाचंही तेच. बँकॉकने ज्या वासावरून नाक मुरडलं, तोच वास ईसानी गायक अभिमानाची खूण म्हणून गाण्यात आणतात, आणि शहरातला मजूर त्यावर टाळी देतो. शिवाय मॉ लम स्वतःहूनच बदलत गेला. १९८९च्या सुमारास खोन खेनच्या रातरी सीविलाय आणि तिच्या भावाने ‘लम सिंग’ रुळवला. सिंग म्हणजे इंग्रजी रेसिंगमधला शेपटाचा तुकडा. ड्रमसेट, भरधाव खॅन, चावट सवालजवाब. संस्कृतिरक्षकांनी कपाळाला हात लावला. जी ओळख नुसती शोभेला ठेवलेली असते, ती असा धुडगूस घालत नाही.

तिसरा प्रश्न सत्तेचा. लूक थुंगला राज्याने आपलंसं करून निरुपद्रवी केलं, असं म्हणणारे आहेत आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. शीतयुद्धात साम्यवादाविरुद्ध प्रचार करायला सरकारने आणि अमेरिकी माहिती खात्याने मॉ लम गायकांना गावोगाव पाठवलं. १९८९मध्ये लूक थुंगच्या अर्धशतकाचा सरकारी सोहळा झाला. राजकन्या सिरिंधोर्न यांनी लिहिलेलं पपईच्या कोशिंबिरीवरचं ‘सोम तम’ फुम्फुआंगने गायलं. १९९२मध्ये फुम्फुआंग तिसाव्या वर्षी ल्यूपसने गेली, तेव्हा राजकन्या तिच्या अंत्यविधीला सुफान बुरीत आल्या. ज्या मुलीला धड वाचता येत नव्हतं, जी दुसऱ्याकडून शब्द वाचून घेऊन गाणी पाठ करायची, तिच्या पुतळ्यापाशी आज लोक लॉटरीचा आकडा मागायला जातात. पण प्रचाराला मॉ लम साम्यवाद्यांनीही वापरला. आणि २०१०च्या आसपास बँकॉकच्या रस्त्यांवर सरकारविरोधी आंदोलक, लाल शर्टवाले, उतरले तेव्हा त्यांच्या मंचावर रात्री लूक थुंग आणि मॉ लमच होता. त्यांच्या विरोधकांना, पिवळ्या शर्टवाल्यांनाही, या गाण्यांचा विटाळ नव्हता. राज्य ज्याला पोटात घेतं ते पचतंच असं नाही. आणि हेही नोंदवलं पाहिजे, की या गाण्यांतून ईसान फुटून निघण्याची भाषा ऐकू येत नाही. मागणी एवढीच असते, की आमचा ‘ह’ आमच्या तोंडचा म्हणून ऐका. थायलंडमध्ये तेवढीही मागणी लहान नाही.

ज्या आक्षेपाला मला पूर्ण उत्तर देता येत नाही तो आतून येतो. ईसान तरी एक कुठे आहे? सुरिन, बुरीराम, सी सा केत या प्रांतांत लाखो लोक ख्मेर बोलतात, त्यांचं गाणं कान्त्रुम; नाखोन राचासीमाची बोली तिसरीच. लूक थुंगने घडवलेला ईसान लाओ बोलतो, चिकट भात खातो, खॅन ऐकतो, आणि या एकसारखेपणात हे शेजारी झाकले जातात. बँकॉकने ईसानवर जे केलं त्याची लहान प्रत ईसानच्या गाण्याने केली, असं म्हणता येईल. उत्तर आणि दक्षिण यांच्याशी तुलना केली तर कारण थोडं दिसतं. उत्तरेत चियांग माईच्या चारान मनोफेत यांनी ‘खाम मुआंग’ या आपल्या बोलीत लोकगीताच्या धाटणीची गाणी केली, पण ती लूक थुंगच्या बाहेर, गिटार घेऊन, शिकलेल्या श्रोत्यासाठी. दक्षिणेचा एकाचाय सीविचाय लूक थुंगमध्ये आला, पण त्याच्यामागे ईसानसारखी माणसांची लाट नव्हती. बँकॉकमध्ये सगळ्यांत जास्त संख्येने पोचलेला प्रांत ईसान, म्हणून लूक थुंगचा प्रांत म्हणजे ईसान. गाण्यात प्रदेश किती मोठा ऐकू येईल हे त्याच्या क्षेत्रफळाशी नाही, त्यातून निघालेल्या बसगाड्यांशी जोडलेलं दिसतं.

२०१७मध्ये युनेस्कोने खॅनच्या संगीताला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं, ते लाओसच्या नावावर. ईसानच्या वाद्याला जगाच्या दफ्तरात ‘लाओ’ हे नाव मिळालं, पण नदीच्या पलीकडच्या काठावर. अलीकडच्या काठावर त्याच सुमाराला साकोन नाखोनच्या कोंग हुआय राय याचं ‘साय वा सी बो थिम कान’ आलं. सोडणार नाहीस म्हणालास ना, असा काहीसा त्याचा अर्थ. नावातच ‘बो’. यूट्यूबवर ते कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं, आणि बँकॉकच्या ज्या पोरांचं ईसानशी काही नातं नाही तीही ते म्हणू लागली. अशा गाण्यांचे शब्द पडद्यावर थाई अक्षरांत सरकतात. लाओचे स्वर थाई अक्षरांत नीट बसत नाहीत आणि ईसानी बोली लिहायची कशी याचं सर्वमान्य शुद्धलेखन नाही, म्हणून एकच शब्द एका गाण्यात एका तऱ्हेने येतो, दुसऱ्यात दुसऱ्या. शाळेत ही बोली लिहायला क्वचितच कुणी शिकतं. ताय नोय लिपी वाचणारे आता भिक्षू आणि अभ्यासक असे थोडके उरले. ईसानची लाओ आज सगळ्यांत जास्त लिहिली आणि वाचली जाते ती बहुधा या सरकत्या पट्टीवर, आणि ‘हाक’ हा शब्द ‘ह’ने लिहायचा हे लहान मुलं तिथेच शिकतात.